मुली कमी झाल्या, पण मुलींच्या हाती काय आलं?

तुळशीची लग्नं लागली की खान्देशातल्या गावांत एकच विषय निघतो. कोणाच्या पोराचं जमलं, कोणाचं यंदाही राहिलं. चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, कापसाची गाडी मोजून होईपर्यंत बाजार समितीत, अगदी दशक्रियेला जमलेल्या माणसांतही. "पोऱ्या चांगला शे, वावर शे, तरी पोर भेटस नही," असं एखादी आई पदर डोळ्याला लावून सांगते. त्यावर कोणीतरी लगेच म्हणतं, आता पोरींचे दिवस आले, त्यांच्याच अटी चालणार.

त्या आईचं म्हणणं खरं आहे. दुसरं म्हणणं मात्र मला मान्य नाही, आणि ते इतक्या सहज बोललं जातं की त्याच्याशी नीट वाद घालायला हवा. बाजार समितीत कापसाची आवक घटली की भाव चढतो, पण तो भाव कापसाला मिळत नाही, कापूस ज्याच्या ताब्यात असतो त्याला मिळतो. मुली कमी झाल्याने पोरीच्या बापाचा, मामाचा, मध्यस्थाचा शब्द वजनदार झाला. स्वतः पोरीचा शब्द किती वाढला, हे तिचं लग्न कोण ठरवतं यावर अवलंबून आहे. आपल्याकडे अजून ते ती ठरवत नाही.

आधी आकडे पाहू. निसर्गावर सोडलं तर हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात जळगाव जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८८० होत्या. त्याच दहा वर्षांत धुळे ९०७ वरून ८९८ वर आलं आणि नंदुरबार ९६१ वरून ९४४ वर. राज्याचा आकडा ८९४ होता, म्हणजे जळगाव त्याच्याही पन्नासने खाली. केळीचा आणि सोन्याच्या पेढ्यांचा हा जिल्हा खान्देशात सगळ्यांत सधन. दवाखाने इथेच जास्त, शाळा-कॉलेजं इथेच जास्त, आणि मुली मात्र इथेच सगळ्यांत कमी. ज्या नंदुरबारचं नाव राज्याला कुपोषणाच्या बातम्यांमुळे माहीत आहे, तिथे प्रमाण जवळजवळ निसर्गाने दिलेलं राहिलं. अडाणीपणामुळे मुली मारल्या जातात असं मानणाऱ्यांनी हे तीन जिल्हे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मुली घटल्या त्या सोनोग्राफीचे पैसे खिशात असलेल्या घरांत.

या आकड्यांतली काळाची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आज ज्यांची लग्नं अडली आहेत ती मुलं अठ्ठावीस ते पस्तिशीची, म्हणजे नव्वदच्या दशकात जन्मलेली. २००१ ला जी शून्य ते सहा वयाची होती ती आज पंचविशी ओलांडलेली पिढी. तिच्यात प्रमाण ८८० होतं. ८४२ ची पिढी अजून लग्नाला यायचीच आहे. २०११ मध्ये अंगणवाडीत किंवा पाळण्यात असलेली ती मुलं आता दहावीपासून कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत कुठेतरी आहेत. म्हणजे आज ज्याला आपण टंचाई म्हणतो ती सुरुवात आहे.

त्यात आणखी दोन गोष्टी मिळतात. नवरी नवऱ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान हवी, हा रिवाज आहे. जन्मदर दर वर्षी घटत असेल तर चार वर्षं धाकटी पिढी मुळातच लहान असते, त्यामुळे मुली आणखी कमी पडतात. आणि यंदा ज्याचं राहिलं तो पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत असतो, आपल्यापेक्षा तरुण मुलांबरोबर. रांग दर वर्षी लांबत जाते आणि तिच्या टोकाला उभ्या असलेल्याचं वय वाढत जातं. पस्तिशीनंतर त्याच्याकडे स्थळ येणं बंद होतं. मग त्याला लग्नपत्रिका दिली जाते, पण त्याच्या लग्नाचं कोणी विचारत नाही.

ही मुलं दोषी नाहीत, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे. सोनोग्राफीच्या खोलीत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सोलापुरात २०२२ च्या डिसेंबरमध्ये मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा राज्यभर त्यांची टिंगल झाली. त्या मोर्चाच्या मागण्यांत गर्भलिंगनिदान विरोधी कायदा कडकपणे राबवा, ही मागणी होती. टिंगल करणाऱ्यांपेक्षा त्या नवरदेवांना दुखणं जास्त कळलं होतं.

टंचाई सगळ्यांवर सारखी पडत नाही. सरकारी नोकरीवाल्याचं, पुण्याच्या कंपनीत लागलेल्याचं आजही चार दिवसांत जमतं, आणि वर हुंडाही मिळतो, फक्त आता त्याला गाडी किंवा फ्लॅटचे पैसे म्हणतात. खालच्या टोकाला दोन एकर कोरडवाहू, तात्पुरतं काम किंवा किराणा दुकान असलेला मुलगा दोन्हीकडचा लग्नखर्च स्वतः करायला तयार असतो, नवरीच्या अंगावर सोनं घालायला तयार असतो, तरी निरोप येत नाही. मुली कमी झाल्याने हुंडा संपेल अशी आशा पूर्वी काही लोक बोलून दाखवत. तो संपला नाही. वर तो तसाच राहिला आणि खाली पैशाची दिशा उलटली.

मधल्या थरातल्या घरांची अवस्था मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावते. या घरांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पक्का हिशोब केला होता. वावर दहा एकर, दोन पोरं झाली तर पाच-पाच, तिसरं झालं तर आणखी तुकडे. म्हणून एक पोरगा झाला की थांबायचं. पहिली मुलगी झाली तर दुसऱ्या वेळी तपासणी करून घ्यायची. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्यावर आपण हक्कसोडपत्राचा उपाय शोधला. रक्षाबंधनाची ओवाळणी घेऊन गेलेली बहीण पुढच्या महिन्यात निबंधकाच्या कार्यालयात सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटतं. अशा रीतीने वावर एकाच मुलाच्या नावावर अखंड राहिलं. त्या अखंड वावराचा एकुलता मालक आज बत्तीस वर्षांचा आहे आणि घरात सून नाही. ज्या वंशासाठी आणि ज्या जमिनीसाठी हे सगळं केलं, त्याच दोन गोष्टी आता पणाला लागल्या आहेत. हे एका घराचं दुर्दैव म्हणता आलं असतं. पण गावातल्या निम्म्या घरांनी एकाच वेळी तोच शहाणपणा केला, म्हणून तो सगळ्यांच्या अंगावर आला.

आता दोष कोणाला द्यायचा, तर सापडतात मुलीच. पोरी जास्त शिकल्या, डोक्यात हवा गेली, शेतकरी नको म्हणतात, सासू-सासरे नको म्हणतात, पुण्याला फ्लॅट हवा. समाजाच्या वधू-वर मेळाव्यांत व्यासपीठावरून हे भाषण दर वर्षी होतं, आणि समोर बसलेल्या मुली खाली मान घालून ते ऐकतात. मला या भाषणाचा राग येतो. शेतकऱ्याच्या घरात लग्न होऊन जाणं म्हणजे काय, हे त्या मुलीने आपल्या आईकडे पाहून शिकलेलं असतं. पहाटे उठून चूल किंवा गॅस, मग निंदणी, कापूस वेचणी, दुपारी गुरं, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, आणि या सगळ्याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही. सातबाऱ्यावर आईचं नाव नाही. बोंडअळी आली, केळीवर करपा पडला, भाव कोसळला तर कर्ज तिचंही, पण व्यवहारात विचारलं कधीच जात नाही. शेती करणाऱ्या बापानेच तिला सांगितलेलं असतं, "बाई, तू शिक, या मातीत राहू नको." बाप जे स्वतः नको म्हणतो ते तिने दुसऱ्याच्या घरी जाऊन आनंदाने पत्करावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

शेतकऱ्याच्या मुलाला नकार देणारी मुलगी शेतीला नकार देत नसते, मालकी नसलेल्या मजुरीला नकार देत असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्यात नवऱ्यांनी आपली जमीन बायकोच्या नावे करायची होती. पुढे शासनानेही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. स्थळ शोधणाऱ्या किती घरांनी ती वापरली आहे? मुलाचा बायोडाटा छापताना जमिनीचा आकडा ठळक असतो. त्या जमिनीवर सुनेचं नाव लागेल अशी ओळ मी अजून वाचलेली नाही.

जिथे पुरुष जास्त आणि बायका कमी, तिथे काय घडतं याचा अभ्यास जगात बराच झाला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शिया गुटेनटॅग आणि पॉल सेकॉर्ड यांच्या, गुटेनटॅग यांच्या मृत्यूनंतर १९८३ मध्ये आलेल्या पुस्तकात मांडलं आहे की बायका कमी असलेल्या समाजात लग्नाला मोठा मान येतो, बाईला जपलं जातं, पण ते जपणं घराच्या चौकटीत असतं. बायका जास्त असल्या की पुरुष बांधून घ्यायला तयार होत नाहीत, लग्नं उशिरा होतात, मोडतातही. अर्थातच, हे सरसकट नियम नव्हेत. पण ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बोलकं आहे. तिथे इंग्रजांनी कैदी पाठवले त्यांत पुरुषच फार होते. पॉलिन ग्रोजाँ आणि रोज खट्टर या संशोधकांनी जुन्या नोंदींवरून दाखवलं की ज्या भागांत पुरुषांचं आधिक्य जास्त होतं तिथल्या बायकांची लग्नं जास्त झाली आणि घराबाहेरचं काम त्यांनी कमी केलं. त्या भागांत स्त्रीने घरीच असावं हा विचार आजपर्यंत टिकून आहे. प्रमाण केव्हाच सुधारलं, सवय मात्र उरली. फ्रान्समध्ये उलटं घडलं. पहिल्या महायुद्धात जिथले तरुण जास्त मेले, तिथल्या उरलेल्या पुरुषांना आपल्यापेक्षा वरच्या वर्गातल्या बायका मिळाल्या.

चीनबद्दलचं शांग-जिन वेई आणि शाओबो झांग यांचं काम वाचताना तर मला आपलीच गावं दिसली. मुलींची टंचाई जास्त असलेल्या भागांत मुलगा असलेली घरं पोटाला चिमटा काढून जास्त बचत करतात, मोठी घरं बांधतात, कारण घराशिवाय मुलाला कोणी विचारत नाही. आमच्याकडे पारोळा, एरंडोल, चाळीसगाव भागात गेल्या दहा वर्षांत स्लॅबची किती घरं उभी राहिली पाहा. कितीतरी घरांना बाहेरून रंग आहे आणि आत एक खोली खास सुनेसाठी ठेवलेली आहे, कपाटासकट, रिकामी. त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं. तोच पैसा ठिबकला, विहिरीला, मुलाच्या एखाद्या धंद्याला गेला असता तर कदाचित त्याचं लग्न लवकर जमलं असतं, पण बघायला आलेल्या पाहुण्यांना ठिबक दिसत नाही.

जपणं घराच्या चौकटीत असतं म्हणजे काय, ते आपल्याकडे रोज दिसतं. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे, तरी बारावीनंतर तालुक्याच्या कॉलेजला पाठवताना घरात वाद होतो. थांब्यावर पोरांचे घोळके उभे असतात. त्यातल्या कित्येकांना कामधंदा नाही आणि लग्नाची शक्यताही दिसत नाही. मुलीचा पाठलाग होतो, इन्स्टाग्रामवर नको ते संदेश येतात. तक्रार घरी सांगितली की उपाय एकच, कॉलेज बंद. म्हणून ती सांगतच नाही. एखाद्या मुलाशी ती स्वतःहून बोलत असेल, तिला तो आवडत असेल, तर ते दिसल्यापासून महिन्याभरात तिचं लग्न उरकायची घाई होते. टंचाईच्या काळात स्थळांची उणीव नसतेच. तिशीतले चार जण तयारच असतात, आणि त्यांतला जो खर्च उचलेल त्याला होकार जातो. म्हणजे मुली कमी असल्याचा फायदा असा झाला, की तिला वेळ मिळण्याऐवजी तिचा वेळ कमी झाला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. धुळ्यात हे प्रमाण सुमारे ४० टक्के निघालं. त्यामागे गरिबी आहे, ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जाणारी घरं आहेत, पोरीला कुठे ठेवून जायचं ही खरी काळजी आहे. सगळं खापर लिंगगुणोत्तरावर फोडणं चूक ठरेल. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला मागणी घालणारे तिशीतले नवरदेव रांगेत उभे असतील तर त्या गरीब बापाला थांबवणं किती अवघड होतं, हे अंगणवाडी सेविकांना विचारा. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी कायद्याने ग्रामसेवकावर आहे. ज्या गावात त्याला रोज काम करायचं, त्याच गावातल्या वजनदार माणसाच्या घरची हळद त्याने थांबवायची असते.

आणि मुलीने स्वतः निवड केली, जात ओलांडली, तर? चोपड्यात २०२५ मध्ये प्रेमविवाह केलेल्या लेकीला बापाने हळदीच्या कार्यक्रमात गोळी घातली. असं करणारा बाप हजारात एक असेल. पण लेक ही आपली मालमत्ता, तिचा हात कोणाला द्यायचा हे आपण ठरवणार, ही समजूत हजारांतल्या नऊशेंची आहे. मालमत्ता दुर्मिळ झाली की पहारा वाढतो.

आता नंदुरबारकडे वळतो, कारण माझ्या मते खान्देशातला सगळ्यांत मोठा अन्याय तिथे घडतो आहे. भिल्ल, पावरा समाजांत लग्नात मुलाकडून मुलीच्या बापाला देज दिलं जातं. मुलगी गेली म्हणजे घरातले दोन कष्टाचे हात गेले, याची ती कबुली असते. मी या चालीचं उदात्तीकरण करत नाही. नवऱ्याला सोडायचं तर देज परत करावं लागतं आणि त्यात बाई अडकते. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. जिथे लेक ओझं मानली जात नव्हती तिथे ती जन्माला आली आणि वाढली. सपाटीवरच्या सधन गावांनी आपल्या लेकी जन्मू दिल्या नाहीत, आणि आता त्यांची नजर सातपुड्याकडे, मेळघाटाकडे, सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशाकडे वळते. मध्यस्थ निघाले. दीड लाख, दोन लाखांत लग्न लावून देतो म्हणणारे. त्यातलं मुलीच्या घरी किती पोचतं, मध्यस्थ किती ठेवतो, मुलीला काय सांगून आणलं जातं, याची चौकशी कोणी करत नाही. तिला इथली अहिराणी समजत नाही, इथे तिचं कोणी नाही, जातीचा शिक्का कपाळावर. हरियाणात अशा दूरवरून आणलेल्या बायकांना 'मोलकी', म्हणजे विकत आणलेली, म्हणून हिणवतात. आपल्याकडे तसा शब्द रुळायच्या आधी थांबायला हवं.

अशा व्यवहारांत नवरदेवही फसतात. नवरी आठ दिवसांत दागिने घेऊन पसार, मध्यस्थाचा फोन बंद, अशा बातम्या आपल्या जिल्ह्यांच्या पानांवर नेहमी येतात आणि वाचणारे हसतात. त्या घराने वावर गहाण ठेवलेलं असतं. त्या 'पळालेल्या' मुलीला कोणी कशाच्या धाकाने हे करायला लावलं, हेही शोधलं जात नाही.

इथे एक आडवळण. लिंगगुणोत्तर फक्त जन्मावर ठरत नाही, स्थलांतरावरही ठरतं. सुरतेत उधना, लिंबायत भागात खान्देशातली हजारो माणसं राहतात, अहिराणी तिथे रस्त्यावर ऐकू येते. सुरत जिल्ह्यात २०११ मध्ये हजार पुरुषांमागे फक्त ७८७ स्त्रिया होत्या, त्यातला मोठा भाग कामासाठी एकटे आलेल्या पुरुषांमुळे. म्हणजे गावात नवरी नाही म्हणून सुरतेला गेलेला पोरगा जिथे जातो तिथे टंचाई आणखी मोठी असते. शिकलेल्या मुली मात्र लग्न होऊन पुण्या-नाशिककडे जातात. गावात उरतात ते न गेलेले, किंवा जाऊन परत आलेले.

उपायांबद्दल बोलताना पहिला म्हणून कायदाच घेतला जातो. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा केला. केंद्राचा १९९४ चा, त्यात २००३ मध्ये दुरुस्ती. तरी १९९१ ते २०११ या काळात राज्याचं प्रमाण ९४६ वरून ८९४ वर आलं. कायदा नसता तर आणखी घसरलं असतं, त्यामुळे त्याची अंमलबजावणी हवीच, खटले उभे राहायला हवेत, तपासणी करणाऱ्यांची नोंदणी रद्द व्हायला हवी. पण गर्भवतीच्या मागे पहारेकरी लावून हे होणार नाही. गर्भपाताचा कायदेशीर हक्क बाईला आहे आणि तो राहिला पाहिजे. गुन्हा लिंग सांगण्यात आहे.

दक्षिण कोरियाचा दाखला मला उपयोगी वाटतो. १९९० मध्ये तिथे शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते, २००७ च्या सुमारास प्रमाण नैसर्गिक झालं. तिथेही बंदी होती, पण वळण आलं ते मुली शिकून कमावत्या झाल्या तेव्हा, आणि त्याच काळात घराचा प्रमुख पुरुषच असला पाहिजे ही कायद्यातली व्यवस्था मोडीत निघाली. आई-वडिलांना मुलीकडे म्हातारपण काढता येईल असा भरवसा आला. दरम्यानच्या काळात जन्मलेल्या मुलांना मात्र मुली कमीच पडतात. ती पिढी परत मिळत नाही, हेही त्यातून दिसतं.

आपल्याकडे हाताशी असलेल्या काही गोष्टी आपण वापरत नाही. खान्देशातल्या अनेक जातींत पूर्वी पाट लावायची चाल होती. विधवेचा, सोडलेल्या बाईचा दुसरा संसार सहज होत असे. वरच्या जातींसारखं दिसण्याच्या हौसेत ती चाल कमीपणाची ठरली. आज पस्तिशीच्या मुलाच्या बायोडाट्यावर "प्रथम वधू अपेक्षित" लिहिलेलं असतं, आणि त्याच गल्लीत तिशीची विधवा लेकराला घेऊन भावाच्या घरी भांडी घासते. पोटजातीचं तर विचारूच नका. दोन पोटजाती, दोन्हीकडे मुली कमी, दोघांचे वेगळे मेळावे, वेगळ्या सूची, आणि दोन्हीकडे अडलेली मुलं. आंतरजातीय विवाहाला शासन ५० हजार रुपये देतं, पण त्या जोडप्याला गावात राहू देण्याचं काम शासन करू शकत नाही. ते समाजाच्या अध्यक्षांनी व्यासपीठावरून करायचं आहे, मुलींना उपदेश करण्यासाठी ठेवलेल्या वेळात.

ज्या तरुणांची लग्नं अडली आहेत त्यांच्याकडेही माझं एक मागणं आहे. तुमच्या बहिणीची हक्कसोड राहिली असेल तर ती घेऊ नका. घेतली असेल तर तिचा वाटा तिला द्या. लग्नाच्या बोलणीत जमिनीचा आकडा सांगताना सुनेचं नाव कधी लागेल तेही सांगा, लेखी. भाची-पुतणीचं कॉलेज बंद होत असेल तर घरातला तरुण माणूस म्हणून तुम्ही उभे राहा. याने उद्या तुमचं लग्न जमेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या गावातल्या मुलीला शेतकऱ्याच्या घरात राहावंसं वाटायचं असेल, तर ती सुरुवात तुमच्याच घरातून होऊ शकते.

आणि गावांनी आपला आकडा स्वतः मोजावा. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ मध्ये होते आहे. तिचे तालुकावार आकडे हाती येईपर्यंत आणखी काळ जाईल. अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत गावात जन्मलेलं प्रत्येक मूल असतं, ते तालुक्याच्या दवाखान्यात जन्मलेलं असलं तरी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वही उघडून गेल्या वर्षी किती मुलगे, किती मुली, एवढंच वाचून दाखवावं. लहान गावात एका वर्षाचा आकडा योगायोगानेही वर-खाली होतो, म्हणून पाच वर्षांची बेरीज वाचावी. पहिलं मूल मुलगी असलेल्या घरांत दुसरं काय झालं, हे नावं न घेता वेगळं मोजावं, कारण हात बहुतेक तिथेच घातला जातो. पाच वर्षांच्या बेरजेत शंभर मुलग्यांमागे ऐंशी मुली निघाल्या, तर पंचवीस वर्षांनी त्या गावातले किती मुलगे रांगेत राहतील हे ग्रामसभेला तिथल्या तिथे काढता येईल, आणि मुलं कोणत्या घरांतली असतील याचाही अंदाज सगळ्यांना असेल.